कवितेतली आग्लाया

फिलेमा रुब्रियाच्या छातीवर पट्टी गुंडाळत होती. पट्टी गेल्या वर्षीचीच, तलम, केशरी. तेव्हा अलगद बसायची. आज ताणता ताणता म्हाताऱ्या दासीचे हात भरून आले.

"अजून आवळ," फाबेरियस दारातून म्हणाला. "एका तळहातात मावेल अशी छाती लिहिलीय मी कवितेत."

"लिहिलीस तेव्हा मूल नव्हतं," रुब्रिया म्हणाली.

"म्हणून तर म्हणतोय, दूध पाजायला दाई ठेव. सगळ्याच ठेवतात. आज पेडानियसकडे अर्धं रोम जेवायला यायचंय. आग्लाया कोण म्हणून विचारलं, तर बोट कुणाकडे दाखवू?"

आग्लाया म्हणजे रुब्रियाच. कवीनं प्रेयसीला ग्रीक नाव द्यायचं आणि मेजवानीत लोकांनी तिला ओळखायचं, ही रीतच होती. आजवर सगळे ओळखत आले होते. ज्या दिवशी ओळखणार नाहीत, त्या दिवसापासून फाबेरियसचं पाऊल दुसऱ्या उंबऱ्याकडे वळेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तो पुढे गेला, तशी फिलेमा फणकारली. "बांधा, बाई, बांधा! दूध आटलं की छोकरीला काय कविता पाजणार? दोन दाया आणल्या, एकीलाही तोंड लावलं नाही सटवीनं."

पाळण्यातली सटवी नुसती कुरकुरली, आणि केशरी पट्टीवर ओले डाग उमटले. रुब्रियानं गाठ सोडली.

"सैल झगा काढ."

"आणि सोनेरी केसांचा टोप?"

"नको. डोकं तापतं त्यानं."

मेजवानीत फाबेरियस वाचू लागला. दुधात गुलाबपाकळ्या पडाव्यात तसा रंग, सोन्याचे केस, काळे डोळे, चिमुकली पावलं. ही ओळ आपली, ती आपली, असं मोजत रुब्रिया ऐकत होती. टोपातले केस तर तेव्हाही राइन नदीपलीकडच्या कुणा बाईचे होते. रंग तोंडाला फासलेल्या खडूचा, डोळ्यांचा काळेपणा काजळाचा. पावलं तेवढी तिची होती, आणि तीही बाळंतपणात पसरली होती. इतकी वर्षं आपण कुणाच्या जागी बसत होतो?

वाचन संपलं. माना वळल्या. नजरा तिच्यावरून सरकत सरकत कोपऱ्यातल्या सोनेरी केसांच्या बासरीवालीवर थांबल्या. "हीच ती!" कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या. फाबेरियसनं क्षणभर रुब्रियाकडे पाहिलं आणि मग बासरीवालीकडे वळून मान झुकवली.

शेजारची बाई रुब्रियाच्या कानाशी लागली. "तुम्ही ओळखता का हो तिला?"

"दुरून."

खोटं कशाला सांगा, तिला फार लागलं. आणि नेमका तेव्हाच तिला पान्हा फुटला. झगा भिजायच्या आत ती उठली. तिला कुणी थांबवलं नाही.

बाहेर पायरीवर फिलेमा पेंगत होती. "एवढ्यात संपलं जेवण?"

"त्यांचं चाललंय," चपला हातात घेत रुब्रिया म्हणाली. "पाळण्यातल्या आपल्या बाईसाहेब उपाशी आहेत. चल, ऊठ."