पश्चिमेला वजा

माझ्या हाताखालून गेलेल्या एकाही पोराला मी भूगोलात फुकटचा गुण दिलेला नाही. पोरं मागून मला काय काय म्हणतात ते ठाऊक आहे, म्हणू देत. रेखावृत्तांवरून वेळ काढायचं गणित चुकलं की माझं डोकंच फिरतं. म्हणून मी सूत्र घोकूनच घेते: पूर्वेला मिळवा, पश्चिमेला वजा करा. माझी भाचीही त्याच वर्गात बसते. तिथे ती मला बाई म्हणते, घरी आत्या.

तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ, पंधरवड्यापूर्वी पार पश्चिमेकडच्या एका बंदरात क्रेन चालवायला गेला. आज दुपारी बारा वाजता त्याचा पहिला फोन आला. लाइन इतकी खराब, की वहिनीला एवढंच ऐकू आलं, "मी मजेत आहे, काळजी करू नका." मग फोन कट झाला.

संध्याकाळी बातम्यांत तेच बंदर जळताना दिसलं. धक्क्यावरचं गोदाम उडालं होतं, आणि शेजारच्या क्रेन आडव्या झाल्या होत्या. स्थानिक वेळ सकाळी दहा, असं निवेदक दोनदा म्हणाला. वहिनी मटकन खाली बसली. मी फोन लावत राहिले, पलीकडे नुसती घरघर.

आणि ही कार्टी उठली, नकाशाचं पुस्तक घेऊन जमिनीवर पालथी पडली.

"आई, रडू नकोस! बाबा आपल्या पश्चिमेला साठ अंशांवर आहेत, म्हणजे चार तासांचा फरक. पश्चिमेला वजा. दहातून चार गेले, सहा. अगं, स्फोट झाला तेव्हा आपल्याकडे सकाळचे सहा वाजले होते! बाबांचा फोन बाराला आला. स्फोटानंतर!"

"तरीच म्हणाले, काळजी करू नका!" वहिनीने लेकीचे पटापटा मुके घेतले. डोळे पुसत, हसत, चहा टाकायला आत गेली.

पण गणित उलटं झालं होतं. आपल्या वेळेवरून तिकडची काढायची तर वजा, पण तिकडच्या वेळेवरून आपली काढायची तर मिळवायचं. तिकडे दहा वाजले तेव्हा इथे दुपारचे दोन वाजले होते. भावाने फोन केला तेव्हा तिकडे सकाळचे आठ, म्हणजे कामावर चढायची वेळ. जळलं मेलं माझं सूत्र! वर्षानुवर्षं घोकून घेतलं, आणि कुठून कुठे मोजायचं ते एक पोर विचारत नाही.

"आत्या, तपास ना. बरोबर आहे ना?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. मी!

पण ती माझीच विद्यार्थिनी. "थांब हं, पडताळा घेते," असं म्हणत तिने नकाशावर बोट ठेवलं. "सूर्य आधी आपल्याकडे उगवतो. मग सरकत सरकत पश्चिमेला, बाबांकडे. म्हणजे त्यांच्याकडे सकाळ होते तेव्हा आपल्याकडे..."

बोट थांबलं. तिने वर माझ्याकडे पाहिलं. मला नजर चुकवायची होती, पण नाही जमलं. पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय गं, तपासलं का आत्यानं?" वहिनीने आतून विचारलं. "काय म्हणते?"

पोरीने पुस्तक मिटलं.

"बरोबर आहे म्हणते, आई," ती म्हणाली, आणि माझा हात इतका घट्ट धरला, की बोटं दुखायला लागली.