बदकाच्या चोचीतलं शिसं

माझ्या भावाला शहाणपण शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी नोकरी करते खेळणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत, आणि हा माझा सख्खा धाकटा भाऊ लेकीसाठी गाणारं बदक आणताना मला साधं विचारतसुद्धा नाही. पोट दाबलं की बदक डोळे लुकलुकवत गातं. त्याची ती लालभडक चोच भिंगरी, म्हणजे माझी चार वर्षांची भाची, दिवसभर चघळत बसते.

परवा त्यांच्या सोफ्यावर चोचीच्या रंगाचा पोपडा सापडला. तो कागदात बांधून मी प्रयोगशाळेत नेला, तपासला आणि आज कामावरून तडक भावाकडे आले.

"रंगात शिसं आहे. मर्यादेच्या कितीतरी पट. पोटात जात राहिलं तर पोरीच्या मेंदूला अपाय होईल."

"ताई, आपण लहानपणी शिसपेन्सिली चावल्याच की. काय झालं आपल्याला?"

"तुला काय झालं ते दिसतंयच. अरे दिवट्या, शिसपेन्सिलीत शिसं नसतंच मुळी. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

भावजय आतून खुदकन हसली. भावाचं तोंड मात्र उतरलं.

भिंगरी बदकाला काखेत घट्ट धरून उभी होती. मला ते अख्खं हवं होतं. आतल्या तारा, सोल्डरिंग सगळं तपासलं, तरच दुकानातला माल परत घ्यायला लावता येणार होता. हिसकावून घेतलं असतं, पण माझा धीर होईना. तिच्यासमोर बसले आणि खरं तेच सांगितलं.

"याच्या चोचीचा रंग विषारी आहे, बाळा. मला याला उघडून बघायचंय. मग ते परत नाही येणार."

"त्याला दुखेल?"

"नाही गं."

तिनं बदकाच्या चोचीवरून बोट फिरवलं. "दुकानात त्याचे खूप भाऊ होते. त्यांची चोच पण तशीच?"

"तशीच असणार."

"मग ती मुलं पण चावतील ना, आत्या?"

दुकानातला माल माझ्या डोक्यात होता, ती मुलं नव्हती. तिनं बदकाचं पोट एकदा दाबलं, गाणं संपेपर्यंत ऐकलं आणि बदक माझ्या हातात दिलं.

"लवकर जा," ती म्हणाली. "आणि बाबा, तू दुकानवाल्या काकांना सांग, आता कुणालाच देऊ नका."

माझा भाऊ तोवर दाराशी बूट घालत होता.