टोपलीभर शेण

त्या वर्षी आमच्या गावच्या दूध सोसायटीत दुधापेक्षा गप्पाच जास्त जमायच्या. दुष्काळानं म्हशी आटलेल्या. चरवीच्या बुडाला पांढरं लागलं तरी बाई मिरवत यायची. मुरुम गावच्या डेअरीचा टेम्पो येईस्तोवर लोक ओट्यावर टेकायचे आणि माझ्या तोंडाकडं बघायचे. मग मी सुरू करायचो.

"आमच्या मामावर ईज पडली व्हती. पार कोळसा! गळ्याइतकं शेणात पुरला त्येला. तर मामा आतनं वरडला, 'आरं, भाकर आना की!'"

"आन् त्या शेणाचं काय झालं, आबा?" धुळाप्पा मुद्दाम विचारायचा.

"शेणानं ईज पिली न्हवं! त्येच्या गवऱ्या काडी न लावता पेटायच्या. मामाची आन!"

धुळाप्पा पोट धरून हसायचा. नागम्माचा एकुलता एक लेक, पंचविशीतला गडी. नागम्मा हसायची नाही. ती ऐकायची.

खरं सांगायचं तर मला मामाच नव्हता. आई माझी पाच बहिणींतली.

वैशाखात एका तिसऱ्या प्रहरी आभाळ भरून आलं. पाऊस चार थेंब आणि वारा गावभर. धुळाप्पा म्हैस घेऊन सडकेकडच्या चिंचेखाली थांबला. झाडाचा आडोसा बरा, असंच आम्ही सगळे समजायचो. वीज नेमकी चिंचेवर उतरली. म्हैस जागेवर गेली. तो दहा हात लांब फेकला गेला.

आम्ही धावलो आणि जवळ जाऊन थबकलो.

"हात लावू नगा!" कुणीतरी ओरडलं. "आंगात ईज हाय त्येच्या!"

नागम्मा थांबली नाही. तिनं लेकाचं डोकं मांडीवर घेतलं. तिला काहीसुद्धा झालं नाही. धुळाप्पाच्या छातीत बारीक भाता चालू होता.

तेवढ्यात सांजच्या दुधाचा टेम्पो आला. ड्रायव्हर पंचाक्षरीनं धुळाप्पाच्या नाकाशी बोट धरलं.

"जीव हाय अजून. उचला! दवाखान्यात नेतो. दूध ऱ्हाऊ द्या."

"न्हाय," नागम्मा म्हणाली. "शेण आना. आबाराव अण्णांच्या मामाला पुरला व्हता, तसं पुरा."

निम्मी जनावरं छावणीला, उरलेल्यांच्या पोटात पाचोळा. शेण म्हणजे सोनं झालेलं. तरी घराघरातनं आलं. कुणी टोपलीनं, कुणी ओंजळीनं. बायांनी भिंतीवरच्या ओल्या गवऱ्या खरवडून आणल्या. इतकं मन लावून गावानं माझं कधी ऐकलं नव्हतं.

मी गर्दीत घुसलो. "नागम्मा, मला मामाच न्हाय! थापा मारत व्हतो म्या. टेम्पोत घाल पोराला!"

शेजारच्या माणिकप्पानं माझा दंड धरला. "आबा, थट्टेची येळ हाय का ही?"

"आईची आन घिऊन सांगतो!"

"परवा मामाची घेतली व्हती की!"

नागम्मानं वर बघितलं. "अण्णा, माझं लेकरू जगू नये आसं वाटतं व्हय तुमाला?"

मी मागं सरलो.

पंचाक्षरी बराच वेळ थांबला. मग टेम्पो घेऊन गेला. खड्डा खणून धुळाप्पाला गळ्यापर्यंत शेणात बसवलं; शेण पुरेना तिथं माती लोटली. दिवस मावळायच्या आत भाता थांबला. पण नागम्माला सांगणार कोण? सकाळी जाऊन बघतो तर ती खड्ड्याकाठी बसलेली, पदरात भाकरी बांधून. चौघांनी धरून उठवली तिला. मग दुसरा खड्डा खणला.

महिन्याभरानं नागम्मा माझ्या दारात आली. डोक्यावर टोपली, माळावरनं वेचलेल्या वाळक्या शेणींची. घरोघर वाटत निघाली होती.

"कशाला गं हे?"

"दुष्काळात कुनाचं ठिवून घिऊ नये, अण्णा."

टोपलीभर माझ्या ओसरीला ओतल्या. जायला वळली, पुन्हा थांबली.

"शेण कमी पडलं बगा. तुमच्या मामाच्या येळंला सुकाळ आसंल."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं.

"व्हय," म्हणालो. "तवा लई शेण व्हतं, नागम्मा."