रांगोळीतले पाहुणे

मित्रांनो, सिन्नरच्या उजाड माळावर सिमेंटचा एक जुना, परातीसारखा उथळ पाणवठा दिसतो ना, तो मीच. एकोणीसशे त्र्याण्णव साली वनखात्याने मला बांधले आणि शेजारी पाटी रोवली. पाटी कधीच गंजली, मी मात्र टिकलो.

उन्हाळ्यात माझा थाट काय सांगू! पहाटे मोर यायचे आणि पाण्यात स्वतःलाच न्याहाळत मागच्यांचा खोळंबा करायचे. दिवस कलला की ससे, मग तरस. बिबट्या आला की सगळे मुकाट्याने मागे सरायचे. रानडुक्कर तर आधी लोळून घ्यायचे आणि मग तेच पाणी प्यायचे! मला भारी राग यायचा. पण माझ्या काठावर मारामारी अशी कधी झाली नाही.

दोन हजार तीनच्या दुष्काळात टँकर हाच माझा आधार होता. तोही बंद करायचे घाटू लागले. "जनावरं खरंच येतात का, ते मी स्वतः पाहतो," असा वनखात्याच्या साहेबांचा निरोप आला.

वनरक्षक भिकन ताजे ठसे दाखवायच्या तयारीत होता. पण त्याची बायको नवसाबाई पडली हौशी. साहेब येणार म्हणून तिने माझ्याभोवतीची जमीन लख्ख झाडली, सडा घातला आणि ऐसपैस रांगोळी काढून रंग भरले. भिकनने कपाळावर हात मारला.

"अगं, समदे ठसे झाडले तू! आता साहेबाला काय दाखवू?"

"एवढा मोठा मानूस येनार, अन् कचरा तसाच ठेवू व्हय?"

नेमकी साहेबांची जीप बिघडली. ते आले दुसऱ्या दिवशी सकाळी. तोवर रांगोळीचा पार चुराडा झाला होता.

"माझ्या रांगोळीवर कोन नाचलं?" नवसाबाई कडाडली.

साहेब मात्र खाली बसले. पिवळ्या रंगात बिबट्याचा पंजा उमटला होता आणि त्या पंजावरच सशाचे इवलेसे पाऊल.

"हा ससा बिबट्याच्या नंतर आला?"

"व्हय साहेब," भिकन म्हणाला. "जाईल कुठं? दुसरं पाणीच नाय."

साहेब उठले आणि म्हणाले, "टँकर चालू ठेवा."

मित्रांनो, आता मला तडे गेले आहेत. कधी माळावर आलात तर बाटलीतले उरलेले पाणी माझ्यात ओता आणि लगेच दूर जा. बिबट्याच्या मागोमाग पाणी पिणारा ससा माणूस दिसला की तहानलेलाच परत जातो.