कीबोर्डखालची चिठ्ठी

जुना कॉम्प्युटर सकाळीच दुकानदाराला देऊन टाकलेला. दुपारी समुपदेशक बाई नव्यासमोर बसल्या आणि मुख्य पासवर्ड त्यांनी एका कागदावर सरसर लिहून काढला. कागद नव्या कीबोर्डखाली चिकटवायला गेल्या, तोच लक्षात आलं. जुनी चिठ्ठी जुन्या कीबोर्डलाच राहिली होती, आणि कीबोर्ड कॉम्प्युटरबरोबर गेला होता.

बाईंच्या मेलमध्ये लोकांनी विश्वासाने लिहिलेलं असायचं, कुणाचं मोडत आलेलं लग्न, कुणाची न सुटणारी दारू. मेलचा पासवर्ड ब्राउझरच लक्षात ठेवायचा. तो कुणाच्याही हाती लागू नये म्हणून थोरल्या नणंदेने त्यावर मुख्य पासवर्ड बसवून दिला होता. रोज तो टाकताना बाई नणंदेच्या नावाने बोटं मोडत. पाठ होत नाही म्हणून चिठ्ठी लिहिली, म्हणजे घराला कुलूप लावून किल्ली कडीलाच अडकवली.

चपला सरकवून बाई धावतच सुटल्या. एक जरी पत्र कुणी वाचलं, तर कुठल्या तोंडाने त्या लोकांसमोर बसणार होत्या?

"बरं झालं आलात," दुकानदार म्हणाला. "ब्राउझरमध्ये तुमचे पासवर्ड साठवलेले आहेत. तो मुख्य पासवर्ड मागतोय, मी पुढे गेलो नाही. पुसून टाकू ना सगळं?"

बाईंनी आधी कीबोर्ड उलटा केला. चिकटपट्टीचा पिवळा डाग तेवढा होता.

"इथला कागद कुणी काढला?"

"कागद नव्हताच, बाई. सकाळी मीच पुसला तो."

बाईंनी डागावरून बोट फिरवलं. मग आठवलं, मध्यंतरी नणंद चार दिवस राहून गेली होती आणि जाताना टेबल आवरून गेली होती. त्यांनी तिथूनच फोन लावला.

"वन्सं, माझ्या कीबोर्डखालची चिठ्ठी तुम्ही काढलीत?"

"तीन महिने झाले. तुला आज कळलं होय?"

"अहो, सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर दुसरी चिकटवली असतीस. आणि चिठ्ठीवाचून रोज उघडतेयस ना? मग पाठ आहे की."

बाईंचा जीव भांड्यात पडला. भर दुकानात त्यांना हसू आलं, डोळेही भरून आले. समोर दुकानदार एकेक करून सगळं पुसत होता, तिकडे त्यांनी डोळ्यात तेल घालून पाहिलं.

"आणि ती चिठ्ठी कुठे ठेवलीत?"

"तेव्हाच फाडली. जपून ठेवायला मी काय ब्राउझर आहे?"