दोनशे अठ्ठावीस भागिले साडेनऊ

आत्याने मनाशी ठरवून टाकलं होतं, आता पुरे. वीस वर्षं तिने कप, बरण्या, कुंड्या घडवल्या होत्या. पण गेल्या तीन खेपांना विजेच्या भट्टीतून जे बाहेर आलं ते लोकांपुढे ठेवायची तिलाच लाज वाटत होती. झिलई काचेसारखी चमकायच्या ऐवजी पीठ फासल्यासारखी पांढुरकी आणि खरखरीत. तिने माती बदलली, पाणी बदललं, झिलईची पूड तीन-तीनदा चाळली. शेवटी दोष द्यायला तिचे स्वतःचे हात तेवढे उरले. साठी उलटली, अंदाज गेला असेल. पुढच्या महिन्यात चाक, भट्टी सगळं कुणाला तरी देऊन टाकते, असं तिने घरात सांगूनही टाकलं.

घरच्यांनी माना डोलावल्या. तिच्या भावाची मुलगी तेवढी अडून बसली.

भाची आठवीत होती. एका जागी स्वस्थ बसणं ठाऊक नाही, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. दोन वर्षं ती शाळा सुटली की आत्याच्या चाकावर बसत होती आणि दोन वर्षांत तिचा एकही कप सरळ उभा राहिला नव्हता. आत्याने मात्र एकदाही आवाज चढवला नाही. कुठे डगमगतंय ते आधी बघ, मग हात लाव, एवढंच ती म्हणायची.

आता भिंगरीने धोशा लावला, की सगळं तपासलंस, भट्टी कुठे तपासलीस? आत्या म्हणाली, भट्टीला काय धाड भरली आहे? आठ तास लावायची, बंद करायची. वीस वर्षं घड्याळावरच चाललंय. पण पोरीच्या तोंडाला लागण्यात अर्थ नव्हता. तिने वायरमनला बोलावलं.

वायरमन जुना माणूस, ऐटबाज. त्याने भट्टी चालू करायला लावली आणि आपला मीटर काढला. आधी व्होल्टेज पाहिलं, मग तारेभोवती चिमट्यासारखा मीटर पकडून करंट पाहिला. भिंगरीला त्याने चार हात लांब उभं केलं होतं. तिथूनच तिने दोन्ही आकडे वहीत उतरवले. दोनशे अठ्ठावीस व्होल्ट, साडेनऊ अँपिअर.

"बघा ताई, पाटीवर दोनशे चाळीस लिहिलंय आणि येतायत दोनशे अठ्ठावीस," वायरमन म्हणाला. "व्होल्टेज कमी, म्हणून भट्टी तापत नाही. स्टॅबिलायझर बसवू, झालं काम."

आत्याला ते पटलंही. पण भिंगरी वहीत डोकं खुपसून बसली होती. भट्टीच्या पाटीवर व्होल्टच्या शेजारी करंटही लिहिला होता, पंधरा अँपिअर.

"काका, तेवढ्याने नाही होणार," ती म्हणाली.

"भिंगरीबाई, मीटर माझा की तुमचा?"

"मीटर तुमचाच. भागाकार माझा." मग ती आत्याकडे वळली आणि पेन्सिल तिच्या हातात दिली. "आत्या, तू कर. दोनशे चाळीस भागिले पंधरा."

शाळा सोडून पन्नास वर्षं झालेली आत्या कागदावर वाकली. चुकली, खोडलं, पुन्हा केलं. भिंगरी गप्प उभी होती. ही मुलगी एवढा वेळ गप्प राहू शकते, हे आत्याला त्या दिवशी कळलं. उत्तर आलं सोळा.

"हा भट्टीचा रोध. म्हणजे तारा विजेला किती अडवतात ते. सोळा ओहम. व्होल्टेज कमी झालं तर करंटही त्याच मानाने कमी होणार, भागाकार सोळाच यायला हवा. आता आजचे आकडे घे."

दोनशे अठ्ठावीस भागिले साडेनऊ. या खेपेला आत्या चुकली नाही. चोवीस.

वायरमनने मान तिरकी करून कागद पाहिला. त्याच्या चेहऱ्यावरची ऐट जराशी उतरली, पण नजर उजळली. भट्टीत तापणाऱ्या तारांच्या कॉइल किती, असं भिंगरीने विचारलं. तीन, आत्या म्हणाली, खाली, मध्ये, वर, तिन्ही सारख्या. मग भिंगरीने समजावलं, की विजेला जायला सारख्या वाटा जितक्या जास्त, तितका रोध वाटला जातो; तीन वाटांचा मिळून सोळा. म्हणजे एकटीचा अठ्ठेचाळीस. आणि दोनच वाटा उघड्या असल्या तर अठ्ठेचाळीसचा निम्मा.

"चोवीस," आत्या म्हणाली.

वायरमनने मेन स्विच बंद केला, भट्टी निवू दिली आणि मागचं पत्र्याचं झाकण उघडलं. खालची कॉइल समोरून धडधाकट दिसत होती. तिचं शेपूट, म्हणजे तारेचं टोक, मागच्या विटेच्या आत, कुणाच्या नजरेला पडणार नाही अशा जागी तुटलेलं होतं.

भिंगरीचं अजून संपलं नव्हतं. व्होल्ट गुणिले अँपिअर केले की वॅट, म्हणजे शक्ती. तीन हजार सहाशेच्या जागी भट्टी दोन हजार एकशे सहासष्टवर चालली होती. आत्याने पेन्सिल टेकवून हिशेब केला. आठ तासांत जेमतेम पाच तासांची उष्णता.

"म्हणजे झिलई मी बरोबरच कालवत होते," ती हळूच म्हणाली.

नवी कॉइल बसल्यावर मीटरने दोनशे बत्तीस व्होल्ट आणि साडेचौदा अँपिअर दाखवले. भागाकार वायरमनने स्वतः तोंडी केला आणि भिंगरीकडे बघून बोटांनी सोळा दाखवला.

तिसऱ्या दिवशी भट्टी उघडली. बरणीच्या पोटावर खिडकीचं प्रतिबिंब दिसावं अशी झिलई झळकत होती. शेजारीण बघायला आली आणि म्हणाली, हाताची जादू गेलेली नाही हो तुमची. आत्याने बरणी तिच्या हातातून काढून घेतली.

"थांबा. आधी हे दोन आकडे भागा, मग सांगते ही चमक कुणाची."

"अहो, माझं गणित कच्चं आहे."

"माझंही होतं," आत्या म्हणाली, आणि कागद-पेन्सिल पुढे सरकवून भिंगरीला हाक मारली.