तांबडबंदरची चौकशी खिडकी

तांबडबंदरचं करमणुकीचं मैदान सरकारनं लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर एका खासगी कंपनीला दिलं, आणि कंपनीनं त्याचे तुकडे करून ते पुढे पोटभाड्यानं दिले. मौत का कुआँ होता तिथे पिकलबॉल आला. आरसेमहालात जिम आली. आरसे तेच ठेवले, फक्त जाड दाखवणारे काढून बारीक दाखवणारे तेवढे राहू दिले. मोठ्या पाळण्याच्या जागी 'सनसेट डेक' ठरला. कॉटन ग्रीनच्या मागचा समुद्र पूर्वेला आहे आणि सूर्य तिथे मावळत नाही, हे प्रफुल्लनं मीटिंगमध्ये एकदा सांगून पाहिलं होतं. "ते मार्केटिंग बघेल," असं उत्तर आलं. सूर्याचं बघेल की डेकचं, ते त्यानं विचारलं नाही. तो प्रोबेशनवर होता.

प्रफुल्ल मोंडकरचं काम म्हटलं तर सोपं होतं. पोटभाडेकरू यायच्या आधी त्याचा तुकडा रिकामा करून द्यायचा. कुत्री हाकलायची, गर्दुल्ल्यांना चहा पाजून पटवायचं, भिंतीतला पिंपळ उपटायचा. सगळे तुकडे रिकामे झाले की नोकरी पक्की, आणि नोकरी पक्की झाली की कंपनीच्या विम्यात बाबांचं हृदयाचं ऑपरेशन बसणार. थोडक्यात, बाबांचं हृदयसुद्धा प्रोबेशनवर होतं.

राहिला होता एकच तुकडा, चौकशी खिडकी. पत्र्याच्या छपराची एक खोली, पुढे जाळीची खिडकी, बाजूला बाकडी आणि खांबावर भोंगा. मैदान चालू होतं तेव्हा गर्दीत चुकलेली माणसं इथे आणून बसवत आणि भोंग्यावरून त्यांच्या घरच्यांना पुकारत. आता इथे कॉफीचं दुकान येणार होतं.

प्रफुल्लच्या साहेबीण, नम्रता मॅडम, पाहणीला आल्या तेव्हा भर दुपार होती. त्यांनी टेप धरला, प्रफुल्लनं दुसरं टोक धरलं, आणि डोक्यावर भोंगा खरखरला.

"काळाचौकीहून आलेल्या सुलोचना गवंडे, आपण जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या. आपले यजमान आपली वाट पाहत आहेत. त्यांच्या शेंगा संपल्या आहेत."

नम्रता मॅडमनी टेप सोडला. तो सर्रकन प्रफुल्लच्या हातात येऊन गुंडाळला गेला.

"हे काय आहे?"

"भोंगा, मॅडम."

"ते दिसतंय मला. वाजतोय कसा?"

प्रफुल्लनं वर पाहिलं. भोंग्याची वायर अर्ध्यातच तुटून लोंबत होती आणि भोंग्यात कावळ्यानं घर केलं होतं. "वाजायला नको खरं तर," तो म्हणाला. आवाज त्याच्या आईचा होता.

मैदान बंद पडेपर्यंत मीरा मोंडकर याच खिडकीत बसायची. घरी ती फार बोलत नसे. जे काही 'आपण' आणि 'कृपया' होतं, ते सगळं भोंग्यावर खर्च व्हायचं. तिला जाऊन दोन वर्षं झाली होती.

कंपनीनं उपाय सुरू केले. भोंगा काढला, तर आवाज भोंग्याच्या जागेवरून येऊ लागला. खांब कापला, तर रिकाम्या हवेत, त्याच उंचीवरून येऊ लागला. कॉफीवाल्यांनी कळवलं की त्यांना अँबियन्स हवा आहे, पण एवढा नको. वॉचमन एकदा बाकड्यावर टेकला आणि लगेच उठला.

"साहेब, इथे जागा नाय."

"अरे, रिकामंच तर आहे."

"मग बसून बघा ना."

प्रफुल्ल बसला. दोन्ही बाजूंनी कुणीतरी जरा सरकून त्याला जागा करून दिली. त्याच्या मांडीला दोन मांड्या लागल्या. थंडगार असत्या तर तो ओरडून पळाला असता, पण त्या चांगल्या ऊबदार होत्या, घरच्या माणसाच्या असतात तशा. कापसाच्या धुळीचा आणि तेलाचा वास आला. मग शेजारी टचकन एक शेंग फुटली आणि तिचं टरफल प्रफुल्लच्या बुटावर पडलं.

संध्याकाळी तो काळाचौकीला घरी गेला तेव्हा बाबा, म्हणजे राजाराम मोंडकर, पिठलं ढवळत होते.

"बाबा, आई सापडली."

"खंय?"

"कामावर."

बाबांनी गॅस बंद केला. डाव निथळवून ताटलीत ठेवला. "तरीच म्हटलं," ते शेवटी म्हणाले, "एवढा उशीर कसा झाला हिला."

दुसऱ्या दिवशी ते कडक इस्त्रीचा शर्ट घालून, केसांना कलप लावून तांबडबंदरला हजर झाले. जाळीपाशी वाकून त्यांनी आत पाहिलं. आत काळोख होता आणि भाजल्या सुपारीचा वास.

"गे मीरा," ते हळूच म्हणाले. "मी."

"रांगेत या," आतून उत्तर आलं.

बाबा इतके खूश झाले की त्यांनी खरोखर रांग शोधली आणि तिच्या शेवटी जाऊन उभे राहिले. रांग त्यांना दिसत नव्हती. अंदाजानं ते भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत मागे गेले होते.

"अरे झिला," ते तिथूनच प्रफुल्लला म्हणाले, "हे सगळे तिनं पुकारलेले आहेत. गवंडे मागे संपाच्या दिवसांत गेला. मैदानातला शेंगावाला भाऊ त्याच्या आधी. मेल्यावर वाट चुकले ते इथेच येऊन बसले, आणि घरून कोणी न्यायलाच आलं नाही. हे सगळे घरी गेल्याशिवाय ती खिडकी लावणार नाही. तुझ्या बारशाला आई उशिरा पोचली होती, ठाऊक आहे? कोण एक पोरगी चुकलेली, तिचा मामा परळहून यायचा होता."

"मग यांना पाठवायचं कसं?"

"त्यांचं माणूस यायला हवं. नुसतं येऊन चालत नाही. अंगावर काय होतं ते सांगावं लागतं. नाहीतर कोणीही येईल आणि कोणालाही घेऊन जाईल. पद्धत आहे तिची."

तेव्हा प्रफुल्लनं चाळीच्या ग्रुपवर मेसेज टाकला: आपले कोणी तांबडबंदरला राहिले असल्यास ओळख पटवून घेऊन जावे. त्याला अंगठे आले, हात जोडलेले आले, एकानं गुलाबाच्या फुलासकट शुभ सकाळ म्हटलं. एका वहिनीचा फोन आला.

"भावोजी, आम्ही ट्रान्झिट कॅम्पात आहोत. दहा बाय बारा. त्यात सासूबाई कुठे ठेवू?"

"वहिनी, त्यांना आता जागा लागणार नाही."

"तुम्ही आमच्या सासूबाईंना ओळखत नाही."

पण लोक आले. आधी बिचकत, मग कामावरून सुटता सुटता, हातात भाजीची पिशवी घेऊन. सगळ्यांत आधी आल्या खालच्या मजल्यावरच्या कमलाबाई जाधव. चष्मा पुसत त्यांनी पहिल्यांदा प्रफुल्ललाच दम दिला.

"हे बघ, आम्ही बौद्ध माणसं. भूतबीत आम्ही मानत नाही. बाबासाहेबांनी सांगितलंय."

"हो, मावशी."

"हे भूत नाही, हा माझा नवरा आहे. जिवंत होता तेव्हा मी त्याला किती मानत होते, तो वेगळा विषय."

खिडकीतून आवाज आला, "आपण कोणाला न्यायला आलात?"

"रामू जाधव."

"अंगावर काय होतं?"

"पांढरा शर्ट," कमलाबाई म्हणाल्या. "चौदा एप्रिलला शिवलेला. कॉलर विरली म्हणून मी उलटी करून घेतली होती." आणि मग आवाज एकदम बारीक करून, "तिसरं बटण दुसऱ्या रंगाचं."

"ओळख पटली. घेऊन जा."

बाकडं करकरलं. कमलाबाईंनी कोपर जरा बाहेर काढलं, कुणी हात घालावा तसं. "एवढा वेळ लागतो शेंगा आणायला?" त्या बाजूच्या हवेला म्हणाल्या आणि चालू लागल्या. प्रफुल्ल त्यांच्यामागे बसस्टॉपपर्यंत गेला. त्यांनी दोन तिकिटं मागितली. कंडक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं, शेजारच्या मोकळ्या जागेकडे पाहिलं, आणि दोन तिकिटं फाडली. वर म्हणाला, "काका, दांडा धरून उभं राहा."

त्यानंतर रोज बाकडी हलकी होत गेली. माहीमहून कोणी आलं, लालबागहून कोणी. कुणाला लुगड्याचा रंग आठवला, कुणाला फक्त चपलेचा तुटका अंगठा, आणि तेवढ्यावर माणूस मिळालं. नम्रता मॅडमना प्रफुल्ल फोनवर प्रगती कळवायचा. "गुड," त्या म्हणायच्या, "पण व्हेकंट म्हणजे पूर्ण व्हेकंट हं, प्रफुल्ल. आवाजासकट."

आवाजासकट. फोन ठेवल्यावर प्रफुल्लनं तो शब्द पुन्हा एकदा म्हणून पाहिला. आईची घोषणा आता सावकाश येऊ लागली होती. मधे मोठमोठे खंड पडायचे, आणि त्या खंडात समुद्राचा चिखल चुळचुळताना ऐकू यायचा. हे सगळे गेल्यावर खिडकीत कोण उरतं, याचा हिशोब त्यानं सुरुवातीला केलाच नव्हता. बाबांनी केला असावा. ते रोज संध्याकाळी येऊन रांगेच्या शेवटी उभे राहत, आणि पाळी जवळ आली की मागच्याला म्हणत, "तुम्ही व्हा पुढे."

मग रांगच संपली.

ताबा द्यायच्या सकाळी नम्रता मॅडम कॉफीवाल्यांच्या माणसाला घेऊन आल्या. बाकड्यांवर ऊन पडलं होतं आणि कुणी सरकत नव्हतं. मॅडम स्वतः बसून पाहायला वाकल्या, तेवढ्यात वर, खांब नसलेल्या जागी, खरखर झाली.

"काळाचौकीच्या मीरा राजाराम मोंडकर चौकशी खिडकीजवळ आहेत. त्यांच्या माणसांनी ओळख पटवून त्यांना घेऊन जावे. त्यानंतर खिडकी बंद होईल."

मॅडम अर्धवट वाकलेल्याच राहिल्या. "मोंडकर?"

"आई आहे माझी," प्रफुल्ल म्हणाला.

मॅडमच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं. "मग तर सोपंच आहे ना?" त्या हळू आवाजात म्हणाल्या.

बाबा पुढे झाले. शर्ट पुन्हा इस्त्रीचा होता.

"आपण कोणाला न्यायला आलात?"

"मीराला. माझी बायको."

"अंगावर काय होतं?"

"साडी," बाबा ठामपणे म्हणाले.

"रंग?"

बाबांनी प्रफुल्लकडे पाहिलं, समुद्राकडे पाहिलं. "हिरवी. सवाष्ण गेली ना ती. हिरवीच नेसवतात."

"नाही."

"मग ती दुसरी."

"दुसरी कोणती?"

"तू नेसायचीस ती."

आत अडकित्ता एकदा कटकन वाजला. मग अगदी सरकारी स्वरात, "ओळख पटली नाही. बाजूला व्हा."

संसाराची इतकी वर्षं एकाच खोलीत काढलेला माणूस मान खाली घालून बाजूला झाला. नम्रता मॅडम प्रफुल्लकडे बघत होत्या. प्रफुल्लला उत्तर ठाऊक होतं. हॉस्पिटलमधून आणल्यावर आईला नेसवायची साडी त्यानंच शोधून काढली होती. कपाटात सगळ्यांत वर, घडी न मोडलेली, खिडकीच्या युनिफॉर्मची राखाडी साडी होती, निळ्या काठाची. आईनं ती कधी इस्त्री करून ठेवली, देव जाणे. तीच नेसवली. आत्या ओरडली तेव्हा वरून हिरवी पांघरली, आणि बाबांनी पाहिली ती हिरवी. आई डोळे मिटून थेट ड्युटीवर गेली होती, आणि हे इथे फक्त त्याला माहीत होतं.

तो खिडकीकडे निघाला तसा बाबांनी त्याचा हात धरला.

"ठाऊक आहे तुला?"

"हो."

"सांगू नको."

"बाबा, तुमचं ऑपरेशन..."

"घरी नेऊन काय करशील तिचं? पोळ्या लाटायला लावशील? घरी तिला कधी माईक होता?" बाबांचा श्वास फुलला होता, एक हात छातीवर होता. "आणि ऐक. आज ना उद्या मीही निघणार. त्या गर्दीत मी चुकणार, मला माहीत आहे, मी बाजारातही चुकतो. तेव्हा मला पुकारणार कोण? तो कॉफीवाला? तो पुकारेल, पण कपावर नाव लिहून."

"ऑपरेशन झालं तर इतक्यात निघावं लागणार नाही तुम्हाला."

"ते तू बघ," बाबा म्हणाले आणि त्यांनी हात सोडला.

प्रफुल्ल जाळीसमोर उभा राहिला. सुपारीचा वास इतका जवळ होता की तोंडाला पाणी सुटलं. त्याला एकाच वेळी दोन गोष्टी हव्या होत्या आणि दोन्ही याच जाळीच्या अलीकडे-पलीकडे होत्या. मागे मॅडमच्या हातातला ताब्याचा कागद वाऱ्यानं फडफडत होता.

"आपण कोणाला न्यायला आलात?"

"आईला."

"अंगावर काय होतं?"

त्यानं तोंड उघडलं. राखाडी हा शब्द जिभेवर तयार होता.

"जांभळी," तो म्हणाला. "मोराचा पदर."

आत कुणीतरी नाकानं श्वास घेतला. हसू दाबताना आई घ्यायची तसा, लहान आणि जोरात. मोराचा पदर तिनं जन्मात नेसला नव्हता.

"ओळख पटली नाही," आवाज म्हणाला. मग जरा थांबून, "बाबांच्या गोळ्या वेळेवर देत जा. बाजूला व्हा, मागच्यांना येऊ द्या."

प्रफुल्लच्या मागे कुणी नव्हतं. तो बाजूला व्हायला वळला आणि त्याच्या खांद्याला एक ओला खांदा घासला. मग दुसरा. थेट समुद्राकडून कुणी येत होतं, एकामागून एक, आणि फरशीवर चिखलाची पावलं उमटत जाळीपाशी येऊन थांबत होती. बाकडी करकरू लागली. कॉफीवाल्यांचा माणूस गाडीकडे निघाला होता, चालत, पण फार घाईत.

नम्रता मॅडमनी त्या पावलांकडे पाहिलं. कागदावर जिथे सही व्हायची, तिथे पेनचं टोक नुसतं टेकून होतं.

"प्रफुल्ल," त्या म्हणाल्या, "हे व्हेकंट आहे की नाही? मला लिहावं लागेल. तुझ्याही नावापुढे लिहावं लागेल."

"नाही, मॅडम," प्रफुल्ल म्हणाला. "रांग आहे."

बाबा कधीच भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत मागे गेले होते, आणि शेवट कुठे आहे ते हातानं चाचपून बघत होते.